कोरडी गळती

मोरोशी सोडून माळशेज घाट चढायला लागलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. कल्याणच्या मार्केटला कांदा उतरवून रिकामी गाडी घरी आणत होतो. बोगद्याच्या अलीकडे इंजिनाने तिसऱ्यांदा जीव टाकला. आधी आवाज खालीवर व्हायला लागला, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग दोन-तीन आचके, मागे पांढऱ्या धुराचा भपका, आणि शांत. त्यानंतर फक्त पाऊस.

बॉनेट उघडलं. मोबाइल दातात धरला आणि डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबायला घेतला. फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट दीड आटा ढिला केला की तिथून आधी नुसतं फुसफुसतं, मग साबणासारखा फेस येतो, मग फेसातून डिझेल, आणि शेवटी स्वच्छ डिझेलची सलग धार. त्या रात्री फेसच संपेना. सत्तर-ऐंशी वेळा दाबून अंगठा बधिर झाला. मग धार आली, बोल्ट आवळला, सेल्फ मारला. गाडी सुरू झाली आणि खुबी फाट्यापर्यंत जणू काही झालंच नव्हतं अशी चालली.

घरी पोचलो तेव्हा आबा ओट्यावर जागेच होते. एकच वाक्य बोलले, "पंपाचं काम काढलं वाटतं गाडीनं."

आबांनाच कशाला नावं ठेवू, माझ्याही मनात तेच होतं. डिझेल गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला, लागली की आमच्याकडे प्रत्येक जण इंजिनाच्या डिझेल पंपाकडे बोट दाखवतो. गाडी २००६ची, चार सिलिंडर, अडीच लिटर, ना टर्बो ना कॉम्प्युटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात कंपनीचा दोष नाही. इतक्या वर्षांत लोखंड गंजणारच. पंप रोटरी, मायको कंपनीचा. मायकोचं बॉश होऊन २००८पासून एवढी वर्षं गेली, पण आमच्या भागातल्या फिटरच्या तोंडी अजून मायकोच आहे. या गाडीला वेगळा लिफ्ट पंप नाही. टाकीतून डिझेल ओढायचं, दाबायचं आणि वेळ साधून चार नोझलना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडांना, वाटायचं, ही तिन्ही कामं तो एकच पंप करतो. शिवाय त्याच्या पोटातल्या भागांना वंगण म्हणूनही तेच डिझेल. लाइनीत हवा शिरली की गाडी बंद पडते हे दिसतं. आत पंपही कोरडा घासला जातो, हे दिसत नाही.

तर या दुखण्याची सुरुवात घाटातल्या त्या रात्रीच्या दीड महिना आधीची. सकाळी थंड इंजिन सुरू व्हायला वेळ घ्यायचं. सुरू झालं की मिनिटभर थरथर, एक्झॉस्टला डोळ्यांत झोंबणारा पांढरा धूर, मग सुरळीत. ओतूरच्या बाजारात माल भरताना इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, ठेवलं की आवाज वरखाली होत राहायचा आणि कधीकधी आपोआप बंद. आधी फिल्टर बदलला. जुना फिल्टर फोडून पाहिला तर कागदावर काळा चिकट थर होता आणि बुडाशी चमचाभर पाणी. दोषी सापडला म्हणून खूष झालो. टाकी फुल केली आणि तीन दिवस गाडी लोण्यासारखी चालली.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

मग नोझल. चारही नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टरवर लावली. त्यातलं एक फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत होतं, दुसरंही फारसं बरं नव्हतं. चारही टिपा बदलल्या, प्रेशर सेट केलं, खाली नवे कॉपर वॉशर. सहा हजार गेले. ते पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, धूर खरोखर कमी झाला आणि ॲव्हरेजही थोडा सुधारला. गाडी सुधारली म्हणून आनंदाने टाकी फुल केली. चार दिवस उत्तम. पाचव्या दिवशी आळेफाट्याच्या सिग्नलला बंद, मागे एसटी, एसटीचा हॉर्न, आणि मी बॉनेटखाली.

तिसऱ्या खेपेला फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे रबरी पाइप आणि क्लिपा बदलल्या. हे फिटरने सुचवलं आणि त्यामागे त्याचा विचार होता. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाचं, डिझेल आलं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही घटतात, आणि जुन्या डिझेलवर वर्षानुवर्षं फुगून बसलेलं रबर मग आक्रसतं. जुन्या गाड्यांची सील आणि पाइप त्यामुळे ढिले पडू शकतात. आमचे पाइप काढले तर टोकाला खरंच कडक, भेगाळलेले. बदलले. पुन्हा टाकी फुल. पुन्हा तीन दिवस सुख.

त्यानंतरच घाटातली ती रात्र.

दुसऱ्या दिवशी फिटर घरीच आला. वयाने माझ्यापेक्षा मोठा, त्याला मी मामा म्हणतो. गाडी नेमकी तेव्हा दुखण्यात होती, स्लोवर डुलत होती. मामांनी सतराचा पाना घेतला, नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून अर्धा आटा ढिले केले आणि पुन्हा आवळले. नट ढिला केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तो मरतो. निरोगी सिलिंडरचा नट ढिला केला तर इंजिनाचा आवाज पडतो. आधीच मेलेल्याचा केला तर काहीच फरक पडत नाही. (वर फडकं टाकून करायचं आणि बोट आडवं घालायचं नाही, त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. आणि नव्या कॉमन रेल गाडीवर, जिथे सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून (रेल) डिझेल मिळतं, हे मुळीच करू नये, तिथे रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो.) आमच्या गाडीत चारही नट ढिले केल्यावर चारही वेळा आवाज सारखाच पडला.

"म्हंजे एक सिलिंडर न्हाई," मामा म्हणाले. "चौघांनाबी उपास घडतोय."

मला तेव्हा खरं तर थांबून विचारायला हवं होतं की मामा, ही चाचणी सहा हजारांच्या आधी का नाही केली. नाही विचारलं. कारण त्यांनी पुढे लगेच आकडा सांगितला. पंप उतरवून खोलायचा, कॅलिब्रेशन (डिझेलचं माप नीट लावणं) करून घ्यायचं, बावीस हजार, आतला रोटर गेला असेल तर वेगळे. "चौघांना देणारा एकच, पंप. मग तोच की."

तर्क पटण्यासारखा होता. पण पंपालाही कुणीतरी देतंच ना, हे माझ्या डोक्यात आलं खरं, फक्त नीट शब्दांत नाही. नुसतंच म्हणालो, "मामा, दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत मी जे केलं ते बहुतेक बसून केलं. आबांची एक वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानात खतावणी म्हणून मिळते ती. गाडी घेतल्यापासून प्रत्येक डिझेल, प्रत्येक फेरी, टायरचा प्रत्येक पंक्चर त्यात आहे. मला त्या वहीचा कंटाळा होता. पण त्या संध्याकाळी पेन्सिल घेतली आणि गाडी बंद पडलेल्या तारखांपुढे फुली मारली. नऊ फुल्या झाल्या. मग डिझेल भरल्याच्या नोंदी पाहिल्या. नऊच्या नऊ फुल्या टाकी फुल केल्यानंतर तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या दिवशी. फुल केल्याच्या दिवशी एकही नाही, दुसऱ्या दिवशीही एकही नाही. साठ लिटरची टाकी. मधल्या फेऱ्यांचे किलोमीटर मोजले तर फुली पडायची ती तीसेक लिटर जळल्यावर.

म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी सुधारली होती ती दुरुस्तीमुळे नव्हे, दुरुस्ती झाली या आनंदात आम्ही टाकी फुल करत होतो त्यामुळे. फिल्टरला श्रेय, नोझलला श्रेय, पाइपांना श्रेय, आणि काम करत होतं ते नुसतं टाकीतलं डिझेल.

वहीवरून आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आणि ती तोंड वर करून लावली की सकाळी रडती, हे कुठं लिवलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरासमोरची जागा उताराची आहे. गाडी रिव्हर्स घालून लावली तर तोंड रस्त्याकडे, म्हणजे वर. सरळ आत घातली तर तोंड गोठ्याकडे, म्हणजे खाली. सकाळी तोंड गोठ्याकडे असलं की गाडी चटकन सुरू, रस्त्याकडे असलं की पंधरा-वीस सेल्फ. आबांना हे महिनाभर माहीत होतं. मला वाटलं असेल थंडीवाऱ्याचं काही. पण तोंड वर म्हणजे इंजिन वर, टाकी खाली. लाइनीत कुठे हवा शिरायला जागा असेल तर रात्रभरात पाइपातलं डिझेल उतरत टाकीत परत जाणार. तोंड खाली असलं तर ते जागच्या जागी राहणार.

आता प्रश्न एवढाच उरला की हवा शिरते कुठून. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पाण्याच्या पाइपाला भोक असलं तर पाणी बाहेर येतं, आपण ओलं शोधत जातो. टाकी ते पंप ही लाइन मात्र ओढीची, तिच्यात आत दाब नसतो, उलट पोकळी असते. भोक असलं तरी इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मामा आणि मी दीड महिना गाडीखाली टॉर्च घेऊन डिझेलचा ओलावा शोधत होतो. सगळं कोरडं ठणठणीत होतं, आणि तेच बघून आम्ही लाइनला निर्दोष ठरवत होतो.

नारायणगावातून हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक पाइप आणला, अडीच फूट, सत्तर रुपयांत. फिल्टर ते पंप यामधला रबरी पाइप काढून तो घातला. इंजिन सुरू केलं. टाकी तेव्हा अर्ध्याच्या खाली होती, मुद्दाम भरली नव्हती. पहिली दोन मिनिटं पाइपात सोनेरी डिझेल, स्थिर. मग साबुदाण्याएवढा एक बुडबुडा आला, पाइपाच्या वरच्या अंगाला चिकटत पुढे सरकला आणि पंपात गेला. इंजिनाला काही कळलं नाही. मग दोन आले. मग बारीक बुडबुड्यांची माळ. आणि मग अचानक फिल्टरच्या डोक्यात साठलेली सगळी हवा एकदम सुटली, बोटभर लांबीचा पोकळ तुकडा पाइपातून सर्रकन गेला आणि त्याच क्षणी इंजिन डुललं. आबांना हाक मारली. पुढचा तुकडा आला तेव्हा ते म्हणाले, "आता मरंल बघ," आणि इंजिन मेलं.

दीड महिन्यात पहिल्यांदा आम्ही काहीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तोच पाइप मग फिल्टरच्या आधी घातला. बुडबुडे तिथेही. म्हणजे फिल्टर सुटला, त्याचं झाकण सुटलं, हातपंप सुटला. हवा मागून येत होती.

पुढचा भाग कॅनचा. पाच लिटरचा कॅन स्वच्छ करून त्यात डिझेल भरलं, बॉनेटच्या वरच्या पत्र्याला दोरीने बांधला, आणि टाकीकडून येणारी लाइन सोडून फिल्टरला थेट कॅनमधून पाइप दिला. इथे एक गाढवपणा केला तो सांगतो. रोटरी पंप जेवढं ओढतो त्यातलं जाळतो थोडंच, उरलेलं रिटर्नच्या पाइपाने परत पाठवतो. रिटर्न कॅनमध्ये घालायला मी विसरलो. तो बिचारा माझ्या कॅनमधलं डिझेल इमाने इतबारे टाकीत नेऊन टाकत राहिला आणि थोड्याच वेळात कॅन रिकामा, गाडी बंद. क्षणभर वाटलं पंपच गेला. मग कॅनकडे पाहिलं.

रिटर्नही कॅनमध्ये घातल्यावर गाडी पाऊण तास स्लोवर चालली. एकदाही डुलली नाही. पाइपात एक बुडबुडा नाही. रेस करून पाहिली, सोडून पाहिली, बंद करून लगेच सुरू करून पाहिली. बावीस हजारांचा पंप निर्दोष सुटला. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "बघ बाबा तुझं तू," पण अर्ध्या तासात मोटारसायकलवर हजर.

यानंतरचं ते करत होते, मी पाने देत होतो. कॅन मागे नेला. चासीच्या अंगाने जाणारा लोखंडी पाइप टाकीपाशी सोडला आणि तिथे कॅन जोडला, म्हणजे आता पुढचा सगळा लांब पाइप चाचणीत आला. माझा संशय त्याच्यावरच होता, कारण चिखल सगळा त्याच्यावर उडतो. पण नाही. तिथूनही स्वच्छ डिझेल, बुडबुडा नाही. उरली टाकी, आणि टाकीच्या आत जाणारी नळी.

टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलं असेल असंही मामांना एकदा वाटलं. ते बुजलं तर टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल येईनासं होतं, आणि झाकण उघडताना सूं असा आवाज येतो. आमच्या झाकणाने कधी आवाज केला नव्हता. शिवाय त्यात बुडबुडे येत नाहीत.

टाकीतलं डिझेल काढून घेतलं, खाली जॅक लावला, पट्टे सोडले आणि टाकी वीतभर उतरवली. वरची चकती पाच स्क्रूंची. त्यातले तीन सरळ आले, एक तुटला, एकाने अर्धा तास घेतला. चकतीला खाली लटकलेली ओढीची नळी बाहेर आली. वरून बघता काहीच नाही. जाळी थोडी घाण, बाकी ठीक. मामांनी नळीचं एक टोक अंगठ्याने दाबलं, ती म्हशीच्या पाण्याच्या बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. सायकलची ट्यूब तपासतात तसं.

नळीच्या साधारण मध्यावर, तिला आधार देणारी पत्र्याची पट्टी जिथे डागलेली होती तिथे, गंजाच्या एका ठिपक्यातून बुडबुड्यांची सुतासारखी रेघ निघाली. सुईच्या टोकाएवढं भोक. नखाने खरवडलं तर शेजारी दुसरंही होतं.

सगळं जागेवर बसलं. टाकी भरलेली असताना ते भोक डिझेलखाली. तिथून ओढलं गेलं तरी डिझेलच ओढलं जाणार, कुणाला पत्ता लागणार नाही. पातळी निम्म्याखाली गेली की भोक उघडं पडलं, आणि पंप खालून डिझेल आणि मधून हवा असं दोन्ही प्यायला लागला. घाट चढताना टाकीतलं डिझेल मागे सरकायचं, आमची नळी टाकीत पुढच्या अंगाला, त्यामुळे भोक आणखीच उघडं. तोंड वर करून लावली की रात्री त्याच भोकातून हवा शिरून लाइन रिकामी. कल्याणला जाताना घाट उतरायचा आणि टाकी भरलेली, म्हणून कधी त्रास नाही. परतताना टाकी अर्धी आणि चढ.

मामा बराच वेळ नळी हातात फिरवत होते. मग म्हणाले, "हे मी बापजन्मात शोधलं नसतं," आणि पुढच्याच दमात, "पण नोझल बदलणं गरजेचंच व्हतं, हां."

नवी नळी मागवायची तर आठ-दहा दिवस लागणार होते आणि माल शेतात उभा होता. आळेफाट्याला फ्रिज दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, तांब्याच्या नळ्या जोडण्यात त्याचा हात बसलेला. नळी पेट्रोलने, मग साबणाच्या पाण्याने धुतली, उन्हात दोन तास वाळवली आणि त्याच्याकडे नेली. त्याने गंज घासून काढला आणि पितळी रॉडने ती जागा भरून दिली. दीडशे रुपये. टाकी मात्र आम्ही आगीजवळ नेली नाही. रिकामी दिसणारी डिझेलची टाकी वेल्डिंगला नेतात आणि आतल्या वाफेने ती फुटते, ही गोष्ट आमच्याकडे ऐकीव नाही.

नळी बादलीत पुन्हा फुंकून पाहिली. टाकी चढवली. चकतीखाली नवं गॅस्केट घातलं. आणि डिझेल भरायला गेलो तेव्हा पंपावरचा पोरगा सवयीने म्हणाला, "फुल?"

"पंधरा लिटर," मी म्हणालो.

कारण खरी परीक्षा कमी डिझेलवरच होणार होती. त्या पंधरा लिटरवर मोरोशीपर्यंत उतरलो, तिथे चहा प्यायलो, आणि मागे पाच लिटरचा कॅन ठेवून घाट चढलो. पारदर्शक पाइप अजून जागेवर होता. बोगद्याच्या अलीकडे, त्याच वळणावर, मुद्दाम गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडून पाहिलं. सोनेरी, गच्च भरलेला पाइप. वीस मिनिटं थांबलो. धबधब्याला आलेली पोरं मला मदत हवी का विचारून गेली.

त्या रात्री गाडी मुद्दाम तोंड वर करून लावली. सकाळी अर्ध्या सेल्फात सुरू. पारदर्शक पाइप पंधरा दिवसांनी काढून रबरी घातला, कारण तो साधा पाइप डिझेलने पिवळा आणि कडक पडतो, मग त्यालाच तडा जायचा.

आबांनी वहीत त्या तारखेपुढे लिहिलं, "टाकीतील नळी, १५०." शेजारी सहा हजारांची ओळ आहे. आणि अजूनही काटा अर्ध्यावर आला की ते शेजारच्या सीटवरून म्हणतात, "टाकून घे की पाच-धा लिटर," आणि मी मुकाट्याने गाडी पंपाकडे वळवतो.